केटीतला पहिलाच वादळी हंगाम, जुलैत आईबाबा येणार: तयारी कुठून सुरू करू?

ह्यूस्टनजवळच्या केटीत नवं घर, पुराच्या नकाशात झोन एक्स (म्हणजे कमी धोक्याचा) म्हणून फ्लड इन्शुरन्स घेतलेला नाही, जुलैत आईबाबा येताहेत आणि शेजारी म्हणतो खिडक्यांवर ठोकायला प्लायवूड आणून ठेव. तुमचा प्रश्न वाचून आमचं इथलं पहिलं वर्ष आठवलं.

प्लायवूड राहू द्या. घर समुद्रकाठी गॅल्व्हस्टनला असतं तर वेगळं सांगितलं असतं. केटी समुद्रापासून बरीच आत आहे. इथे जास्त छळतात त्या दोन गोष्टी: घरात शिरणारं पाणी आणि आठवडाभर गेलेली वीज. टीव्हीवरच्या वादळाच्या कॅटेगरीच्या आकड्यावर जाऊ नका, तो फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. २०१७ चं हार्वी वादळ ह्यूस्टनवर आलं तोवर हरिकेनही उरलं नव्हतं, नुसतं ठाण मांडून बसलं आणि काही भागांत चाळीस इंचांवर पाऊस ओतून गेलं. २०२४ चं बेरिल कॅटेगरी १ चं, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचं. तरी बावीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले.

म्हणून पहिलं काम फ्लड इन्शुरन्सचं, आणि ते आजच करा. नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी फ्लड पॉलिसी घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातात वादळाला नाव पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर मिळतात, सामानासाठी एक लाख, पण सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. भाड्याने राहणाऱ्यांनाही ते घेता येतं. झोन एक्सवर विसंबू नका. हार्वीत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत बुडालेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरं शंभर वर्षांच्या पूररेषेच्या बाहेरची होती. केटीकरांना आणखी एक भानगड आहे ती बार्कर जलाशयाची. एरवी कोरडा, लोक त्यात सायकली चालवतात. पण पाणी अडवलं की ते मागे फुगत जातं, आणि हार्वीत वरच्या अंगाच्या वस्त्यांत असंच शिरलं. तुमचा प्लॉट त्या फुगवट्यात येतो का, ते काउंटीच्या नकाशात बघा.

होम पॉलिसी उघडलीच आहे तर वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा वाटा, वाचा. ते बहुतेकदा टक्क्यांत असतं, आणि टक्के नुकसानीचे नव्हे, घराच्या विमा रकमेचे. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार डॉलर तुमचे.

हार्वी किनाऱ्याला लागलं तो दिवस गणेश चतुर्थीचा, २५ ऑगस्ट. शनिवारी संध्याकाळी आरतीला आलेल्यांपैकी एक कुटुंब रात्री निघेपर्यंत कोपऱ्यावरचा रस्ता पाण्याखाली. पाण्यातून गाडी घालू नका म्हणून आम्हीच हट्टाने थांबवलं. ते चौघं आमच्याकडे तीन दिवस राहिले. नशिबाने पाणी आमच्या उंबऱ्याशी थांबलं. पाचव्या दिवशी विसर्जन बादलीत केलं, कारण नळ गेला तर फ्लशला हवं म्हणून बाथटब भरून ठेवला होता आणि त्याला हात लावायची बायकोची परवानगी नव्हती! पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन धरतात. मी घरच्या माणसांत दोन पाहुणे मिळवून हिशेब करतो.

आता विजेचं. बेरिलच्या आधी दोन वर्षं माझ्याकडे जनरेटर होता. वीज गेल्यावर गॅरेजमधून ओढून काढला, दोरी पंचवीस वेळा खेचली, ढिम्म. टाकीत जुनं गॅस, म्हणजे पेट्रोल, तसंच राहिलेलं, कार्ब्युरेटर चिकटून बसलेला. सहा दिवस घामाच्या धारा. आता महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवतो आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करतो. चालवायचा तो घरापासून वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि इथे दर मोठ्या वादळानंतर माणसं त्याने जातात.

फ्रीज न उघडता चार तास तग धरतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस. जूनपासून खवलेला नारळ आणि मटार संपवत आणा, रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवा. खायला आमच्याकडे दडपे पोहे. पातळ पोहे, कांदा, लिंबू, दाण्याचं कूट. शेगडी लागतच नाही. भडंग आणि दशम्या एक दिवस आधी.

आईबाबांसाठी खरा धोका उकाड्याचा आहे. त्यांच्या औषधांचा साठा महिनाभर जास्तीचा आणायला सांगा. इन्सुलिन असेल तर चांगला कूलर आणि बर्फ हवा. ओल्या फडक्याची आपली युक्ती इथल्या दमट हवेत फारशी चालत नाही. वादळाआधी पळायची घाई मात्र नको. केटी सक्तीच्या स्थलांतराच्या झोनमध्ये नाही, आणि २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी लाखो लोक एकदम निघाले तेव्हा वादळापेक्षा त्या कोंडीत जास्त जीव गेले. वादळ जाऊ द्या, रस्ते मोकळे झाले की त्यांना ऑस्टिनला एखाद्या हॉटेलात न्या. त्यासाठी गाडीची टाकी जूनपासून अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, वीज नसली की पंपही बंद.

आणि गॅरेजच्या छताला लोंबणारी ती लाल दोरी आज एकदा ओढून बघा. वीज नसताना दार हाताने उचलायचं तर तीच लागते. बेरिलच्या दुसऱ्या सकाळी आमच्या गल्लीत दोघांच्या गाड्या आत अडकून होत्या.