आजींचा सोडा ब्रेड आणि पाकिटावरचा मजकूर

प्रश्न : माझी मुलगी आणि आयरिश जावई यांनी ठाण्यात पाचपाखाडीला छोटी बेकरी सुरू केली आहे. जावयाच्या कॉर्क परगण्यातील आजी-आजोबांकडून त्यांना ही प्रेरणा मिळाली. त्या दोघांची जीवनकथा पाकिटावर छापायची आहे. आजींचा जन्म १९२६ चा, लग्न १९४८ चे. आता दोघेही हयात नाहीत. आजींच्या सोडा ब्रेडला, म्हणजे यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगवलेल्या ब्रेडला, ‘हजार वर्षांची परंपरा’ असे लिहावे, असा मुलांचा आग्रह आहे, पण मला ते खटकते. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याला खटकते ते योग्यच आहे. खाण्याचा सोडा आयरिश घरांत रुळला तो एकोणिसाव्या शतकात; त्यामुळे हजार वर्षांचा दावा टिकणार नाही आणि त्याची गरजही नाही. तिकडच्या दमट हवेतला गहू मऊ, कमी ग्लुटेनचा (कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचा) असतो आणि यीस्टपेक्षा सोडा व आंबट ताक यांच्याशी त्याचे अधिक जुळते. ताक घरोघरी असे, कारण कॉर्क हा लोण्याचाच मुलूख होता. तेथील लोणीबाजार १७७० पासून १९२४ पर्यंत चालला. आजींचा जन्म तो बंद पडल्यानंतर दोनच वर्षांनी झाला, हे कथेत अवश्य यावे.

खेड्यांत वीज पोहोचवण्याची सरकारी योजना १९४६ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरही, पीट नावाच्या वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या विस्तवावर लोखंडी भांडे ठेवून, झाकणावरही निखारे पसरून ब्रेड भाजला जाई. आजींनी संसार मांडला तो याच बदलाच्या काळात, म्हणून त्यांच्या घरी वीज कधी आली आणि ते जुने भांडे कधी सुटले, हे विहीणबाईंना आवर्जून विचारावे. मला तर संपूर्ण कथेचा गाभा येथेच दिसतो.

कागदपत्रांपैकी ७५ वर्षांपूर्वीच्या विवाहनोंदी आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांत वधूवरांचा पत्ता आणि दोघांच्या वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो, त्यामुळे आजोबा शेतकऱ्याच्या घरचे होते की मजुराच्या, हे तर्काने ठरवावे लागणार नाही. याहून मोलाचा एक ठेवा आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वह्यांत लिहून घेतल्या. त्यांत लोणी घुसळणे आणि भाकरी भाजणे हे विषयही होते. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. हा संग्रह शाळेच्या नावाने इंटरनेटवर शोधता येतो. त्यात आजींच्या हातचे पान नसले, तरी त्यांच्या वर्गमैत्रिणीचे असू शकेल.

जे कागदावर सापडेल ते ठामपणे लिहावे आणि जे केवळ ऐकीव असेल, त्यापुढे ‘घरात असे सांगतात’ हे शब्द ठेवावेत. मजकूर छापण्यापूर्वी विहीणबाईंना एकदा वाचून दाखवावा, कारण ती त्यांच्या आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची कथा आहे.