ट्रेनर व्हा, पण पीएफला हात लावू नका

प्रश्न: मी २९ वर्षांचा, वाकडला राहतो. बॅक ऑफिसच्या नोकरीला ४ वर्षं ४ महिने झाले. हातात ४६,००० येतात, बेसिक २२,०००. घरखर्च ३१,०००, आईवडील माझ्यावर अवलंबून, वडिलांना शुगर. एफडी ३.६ लाख, पीएफ साधारण २ लाख. नोकरी सोडून, पीएफ काढून १.१ लाखाचा पर्सनल ट्रेनरचा कोर्स करावा म्हणतो. ओळखीच्या जिमने १५,००० पगार आणि पीटीच्या (पर्सनल ट्रेनिंगच्या) फीमध्ये ४० टक्के देऊ केले आहेत. करू का?

उत्तर: करा. पण आत्ता नाही, आणि पीएफमधून तर नाहीच.

आधी जिमचं गणित पाहू. तुम्ही लिहिलंय की १२ सेशनचं पॅकेज तिथे ८,०००ला जातं. त्यातले तुमचे ३,२००. म्हणजे आजच्या पगाराच्या आसपास, ४७,०००वर जायला दहा पीटी क्लायंट लागतील. महिन्याला १२० सेशन, रोजची चार-पाच. ऐकायला सोपं वाटतं. पण नोकरदार माणसाला एक तर सकाळी सात हवे असतात, नाही तर संध्याकाळी साडेसात. दुपारी बारा ते चार जिममध्ये पंखे फिरतात आणि तुम्ही फ्लोअरवर डंबेल्स जागेवर लावत असता. त्यामुळे तुमची कमाई ठरवणार ते सकाळ-संध्याकाळचे मोजके स्लॉट. त्यातही जानेवारीत गर्दी, गणपती-दिवाळीत सुट्ट्या, मे महिन्यात लोक गावाला. (वर्षाची फी भरून तेवीस दिवस गेलेला एक मेंबर हे उत्तर लिहितोय, तेव्हा गळतीबद्दल माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.)

सुरुवातीला दोनच क्लायंट धरा: १५,००० अधिक ६,४००. घरखर्चाला दरमहा ९,६०० कमी पडतील. सहा महिन्यांत ५७,६०० एफडीतून जातील. हे झेपण्यासारखं आहे. न झेपणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही.

कंपनीचा आरोग्य विमा. नोकरी सुटली की वडिलांचं कव्हर गेलं. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, आणि शुगर म्हटल्यावर प्रीमियमही वाढतो. म्हणून पगार चालू असतानाच आईवडिलांची स्वतंत्र पॉलिसी घ्या, म्हणजे प्रतीक्षेचा काळ आत्तापासून मोजला जाईल. सध्याच्या विमा कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का, हेही एचआरला विचारा. तसं झालं तर आधी काढलेला काळ धरला जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. स्वतःसाठी अपघात विमा घ्या, आणि तो घेताना तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला रक्कम मिळते ना, ते बघा. ट्रेनरचा खांदा गेला की धंदा बसतो.

आता 'आत्ता नाही' का, त्याबद्दल. अजून आठ महिने थांबून पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेचा, हक्क लागतो: २२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ६३ हजार. अर्ध्याहून जास्त कोर्सची फी त्यातच निघते! पीएफवर कराची भीती घालणार नाही. पाच वर्षांआधी काढलात तर टीडीएस कापला जाईल, पण तुमच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत तो परत मिळण्याची शक्यता आहे. मुद्दा असा की जिम तुम्हाला बहुधा 'कन्सल्टंट' म्हणून घेईल. तिथे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी रजा नाही. म्हातारपणासाठी आज जमा आहे ते एवढंच, आणि २०२४-२५मध्ये त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. ते राहू द्या.

सर्टिफिकेटसाठी नोकरी सोडायची गरज नाही. एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकन फिटनेस संस्थांची परीक्षा घरी अभ्यास करून देता येते. सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण मात्र लागतं, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्याचा खर्च धरून ठेवा. अकॅडमीच्या १.१ लाखात नक्की कोणाचं सर्टिफिकेट मिळतं, हे लेखी घ्या. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं कोणी म्हणालं तर हसून पुढे जा, कारण फ्लोअर ट्रेनरची नोकरी तुम्हाला ओळखीवर आधीच मिळाली आहे.

या आठ महिन्यांत शनिवार-रविवार सकाळी सोसायटीतल्या दोघा-तिघांना फी घेऊन शिकवा. फुकट नको. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा पैसे भरतात का, यावरून तुम्हाला आणि मलाही बरंच कळेल.

जिमशी करार करण्याआधी एकच कलम नीट वाचा: जिम सोडल्यावर तिथल्या क्लायंटला घरी शिकवायला किती महिने मनाई आहे? एक वर्ष असेल, तर निदान कागदावर तुम्ही कमावलेला प्रत्येक क्लायंट जिमचा. तीन महिन्यांवर आणता आलं तर बघा. कराराचा मसुदा आला की पाठवा, मग ४० टक्क्यांबद्दलही बोलू.