डीजे 'लावला' की 'वाजवला'?

सोलापूरहून विचारणा आहे: 'मंडळानं डीजे लावला' हे वाक्य चूक ना? डीजे म्हणजे माणूस, तो कसा लावणार? शिवाय गाणी निवडून तो स्वतःची आवड मांडतो, त्या 'क्युरेट करण्या'ला मराठीत काय म्हणावं?

वाक्यात चूक नाही. मुळात डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्यांवरचा स्वार. पण मिरवणुकीच्या दिवशी सोलापूरच्या बाळीवेशीत 'डीजे आला' अशी हाळी उठली, की नजरा ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या पेट्यांकडे वळतात. शब्द माणसावरून यंत्रावर सरकला आणि क्रियापदही त्याच्यामागं गेलं. रेडिओ लावतात, टेप लावतात, तसा डीजे लावतात. हलगी मात्र वाजवतात. पक्का पुरावा हवा तर 'डीजेवाला' घ्या. टांगेवाल्याचा टांगा, तसा डीजेवाल्याचा डीजे! माणूसच अभिप्रेत असेल तर त्याला कर्ता करा: 'डीजेनं काय वाजवलं!' 'दोन डीजे आणले' हे मात्र संदिग्धच राहणार.

'डॉल्बी'ची गत याहून गमतीची. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये काढलेल्या कंपनीचं पहिलं तंत्र टेपवरची खरखर कमी करणारं होतं. आपल्याकडे तो शब्द खिडक्यांची तावदानं हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला चिकटला.

आता 'क्युरेट'. 'संकलन' म्हटलं की गोळा करणं डोळ्यांपुढं येतं, आणि गोळा तर कुणीही करतो. 'निवड' अर्धीच गोष्ट सांगते. खरं कसब पुढचं: कशानंतर काय. तेलुगू गाण्याला हलगीचा तुकडा जोडायचा आणि त्यातून कन्नड गाण्यात शिरायचं, असा क्रम सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात रंगेल. दुसरीकडे त्याच जागी पाय थांबतील. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यावर 126 चं आणायचं तर पहिलं 5 टक्के वाढवावं लागतं. सूर बांधून ठेवण्याची कळ बंद असेल तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो, गायक चिरका वाटतो. त्यापेक्षा पहिलं थोडं वाढवावं, दुसरं थोडं उतरवावं. दोन्हींचा खर्ज एकदम चालू ठेवला तर नुसती घुमघुम होते. नवं गाणं घेताना जुन्याचा खर्ज काढायचा. हलगीचं ध्वनिमुद्रण आणखी अवघड, कारण वाजवणारा रंगात आला की लय चढते आणि सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या खुणा चुकतात. तिथं 8 ठोक्यांचा स्थिर तुकडा फिरवत ठेवून त्यावरच पुढचं गाणं बसवतात.

हे सगळं सामावणारं क्रियापद पुन्हा 'लावणे'च. क्रम लावतात, सूर लावतात, विडासुद्धा लावतात. म्हणून 'वेचून लावणे' हे मला 'क्युरेट'ला सगळ्यांत जवळचं वाटतं: 'त्यानं जुनी गाणी काय वेचून लावली होती!' नाम हवं तर 'मांडणी' घ्या. 'लावणी' सुचेल, पण ती जागा केव्हाच भरलेली आहे. अशा माणसाला 'चोखंदळ' जरूर म्हणा. काय वगळलं हेही त्यात येतं.

डीजे सलग वाजवतो त्या गाण्यांच्या 'सेट'ला मात्र हात लावू नका. 'डीजेचा संच' म्हटलं की कपबशाच डोळ्यांपुढं येतात.