एकाच फळीवर सीएनसी राउटर आणि लेझर: आधी काय करायचं, आणि दोन्ही जुळत का नाहीत?

तुमचे प्रश्न दोन आहेत. सीएनसी राउटरने, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर फिरत्या बिटने (पात्याने) लाकूड कोरणाऱ्या मशीनने, कोरायचं आणि त्याच मशीनवर बसवलेल्या लेझरने जाळायचं, तर आधी काय? आणि एकाच फाइलमधून दोन्ही केलं तरी लेझरची रेषा कोरलेल्या अक्षरापासून मिलिमीटरभर का सरकते? शिवाय तुमच्या फोटोत काही तिरक्या रेघाही दिसतात, त्यांचंही बघू.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आधी राउटर, मग पॉलिश पेपर, लेझर सगळ्यात शेवटी. लेझरचं जळणं अगदी वरवरचं असतं, घासलं की गेलं. मी एका पाटीवर आधी लेझरने बारीक वेलबुट्टीची किनार काढली आणि मग मधली अक्षरं कोरली. अक्षरांच्या कडांना कुसळं उभी राहिली, ती घासायला गेलो तर शेजारची अर्धी वेल पुसट झाली. पुन्हा जाळायला गेलो तर रेषेवर रेषा बसेना. ती पाटी अजून भिंतीला टेकवून ठेवली आहे, उलटी.

अपवाद एकच, प्लाय. त्याचा वरचा पापुद्रा बिट लागला की टवक्यांनी उडतो. तिथे मी आधी अक्षराच्या कडेने लेझरची एक फेरी मारतो. वरचे तंतू तेवढ्यापुरते कापले जातात आणि राउटरची कड स्वच्छ येते. पण त्यासाठी दोन्ही हत्यारं एकमेकांशी जुळलेली हवीत, म्हणजे गाडी तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरच येते.

चूक बहुतेक वेळा फाइलमध्ये नसतेच. लेझर स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) शेजारी बसवलेलं असतं, आणि त्या दोघांमधलं अंतर तुम्ही पट्टीने मोजलं असेल तर मिलिमीटरचा फरक राहणारच. टाकाऊ तुकडा घट्ट बांधा, व्ही-बिटने (टोकदार बिटने) एक टोचा मारा आणि तिथले एक्स-वाय आकडे, म्हणजे मशीन दाखवतं ती आडवी-उभी जागा, लिहून घ्या. मग लेझर फोकसच्या उंचीवर (जिथे ठिपका सगळ्यात बारीक पडतो) आणा, अगदी कमी पॉवरवर ठिपका पाडत तो बरोबर त्या टोच्यात येईपर्यंत मशीन सरकवा आणि पुन्हा आकडे लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं खरं अंतर. मशीनमध्ये स्पिंडलसाठी जी54 आणि लेझरसाठी जी55 या नावांचे दोन शून्यबिंदू (मोजणी जिथून सुरू होते त्या जागा) साठवून ठेवले की दर वेळी बेरीज-वजाबाकी करत बसावं लागत नाही.

हे करूनही सरकत असेल तर लेझर गुण्यात नाही, म्हणजे फळीशी काटकोनात नाही. एका जागी फोकसच्या उंचीवर ठिपका पाडा, झेड, म्हणजे वर-खाली होणारा भाग, 20 मिमी वर घ्या आणि एक्स-वाय न हलवता पुन्हा पाडा. दुसरा ठिपका फोकसबाहेर असल्याने पसरट येईल, त्याचा मध्य बघा. दोन्ही मध्य एकावर एक हवेत. लेझर 3 अंश कललेलं असेल तर एवढ्या उंचीला ठिपका साधारण 1 मिमी सरकतो, आणि 3 अंश डोळ्याला सहज दिसत नाहीत. स्क्रू सैल करा, छोटा गुण्या लावा, पुन्हा घट्ट करा. लेझर चुंबकाने अडकवायचं असेल तर दर वेळी काढून लावल्यावर ही तपासणी आलीच. आणि दोन्ही कामं होईपर्यंत फळी क्लॅम्पमधून सोडायची नाही, पॉलिश पेपरसुद्धा जागच्या जागीच मारायचा.

मशीन जीआरबीएलवर (मशीन चालवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर) चालत असेल तर त्यातली $32 ही सेटिंग विसरू नका. लेझरला 1, राउटरला 0. राउटर चालवताना 1 राहिलं तर स्पिंडल पूर्ण वेगात येईपर्यंत मशीन थांबतच नाही, बिट तसाच लाकडात घुसतो आणि मोडतो. उलट लेझरला 0 राहिलं तर एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना लेझर चालूच राहतं आणि मधल्या कोऱ्या जागेवर रेघ ओढली जाते. तुमच्या फोटोतल्या त्या तिरक्या रेघा मला तरी तशाच वाटतात.

कोणतं काम कोणाला द्यायचं? राउटर सावली देतो, लेझर रेघ देतं. 3 मिमीचा बिट आतल्या कोपऱ्यात दीड मिमीची गोलाई सोडतोच, म्हणून बारीक अक्षरं आणि टोकदार कोपरे मी लेझरकडे देतो. कोरलेल्या उतारावर मात्र लेझर चालवत नाही. फोकस सुटतो आणि रेघ एकीकडे बारीक, दुसरीकडे जाड येते. खळग्याचा तळ लेझरने काळा करायचा मोहही आवरा, बिटच्या फेऱ्यांचे पट्टे उठून दिसतात. तिथे सरळ रंग बरा. जडावकाम करायचं असेल, म्हणजे खळगा राउटरने आणि आत बसणारा तुकडा लेझरने, तर तुकड्याचे बाहेरचे कोपरे फाइलमध्येच बिटच्या त्रिज्येएवढे गोल करा. नाहीतर टोकदार कोपरा गोल खळग्यात जाणार कसा? लेझरने कापलेल्या तुकड्याची कड काळी येते, ती मी घासत नाही. बसवल्यावर भोवती बारीक काळी रेघ राहते आणि ती छान दिसते.

लाकूड पाईनचं असेल तर एकसारखा काळा रंग मिळणार नाही. त्याच्या रेषांमधला मऊ भाग जास्त जळतो, कडक भाग कमी. मेपलसारखं एकसारख्या पोताचं लाकूड घेतलं तर फरक पहिल्याच पाटीत दिसेल.

आणि एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. लेझर लावण्याआधी सगळा भुसा काढायचा, पण लेझर चालू असताना भुशाने भरलेला व्हॅक्यूम चालवायचा नाही. एक ठिणगी आत ओढली गेली तर ती पिशवीत धुमसत राहते, आणि तोवर तुम्ही जेवायला गेलेले असता. धुरासाठी वेगळा पंखा आणि बाहेर जाणारा पाइप ठेवा. चष्मा तुमच्या लेझरच्या तरंगलांबीचाच हवा. निळ्या डायोड लेझरला साधारण 450 नॅनोमीटरचा लागतो, सीओटू लेझरचा चष्मा तिथे उपयोगाचा नाही.

आधी तो 20 मिमीचा ठिपक्यांचा प्रयोग करा. दुसरा ठिपका एक्समध्ये सरकला की वायमध्ये, आणि किती, एवढं इथे लिहिलंत तर कोणता स्क्रू सैल करायचा ते सांगतो.