सासूबाई, गुलेत आणि बुडालेलं गाव

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आम्ही तुर्कस्तानला जातोय. फेतियेहून निघणारी चार दिवसांची गुलेतची, म्हणजे शिडाच्या बोटीची, सहल करायची फार इच्छा आहे. पण सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. पोहता येत नाही, पक्क्या शाकाहारी, एसटीतसुद्धा गाडी लागते. यजमान म्हणतात, केकोवाचं बुडालेलं शहर बघायचं तर पाण्यात उतरावंच लागेल. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खुशाल न्या. मी गेले तेव्हा त्या बोटीवर सगळ्यांत म्हातारी मीच होते.

यजमानांना सांगा, केकोवाच्या अवशेषांपाशी पोहायला बंदीच आहे. भूकंपाने किनारा खचला आणि अर्धं गाव पाण्याखाली गेलं. तिथे बोट वेग कमी करते, आपण कठड्याला टेकून बघायचं. खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरत येतात आणि सरळ पाण्यात शिरतात. पुढे कुठे जातात ते दिसत नाही, आणि मला तर तेच जास्त आवडलं. समोरच्या कालेकोय गावाला मोटारीचा रस्ताच नाही. तिथे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियन लोकांचं दगडी थडगं पाण्यात उभं आहे, झाकण उपड्या होडीसारखं. वरच्या किल्ल्याची चढण खडी आहे. सासूबाईंना खालीच चहा घेऊन बसवा.

आता तुमचा एक भ्रम दूर करते. गुलेत म्हणजे दोन डोलकाठ्यांची देखणी लाकडी बोट खरी, पण चालते बहुतेक इंजिनावर. आमच्या तांडेलाने चार दिवसांत एकदाच शीड उभारलं, तेही सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत.

बोट लागण्याची धास्ती आहे ती एका टप्प्यापुरती. ओलुदेनिझ आणि काश यांच्या मध्ये ‘येदी बुरुनलार’, म्हणजे सात भूशिरं, लागतात. तिथे आडोसा नाही, लाटा थेट अंगावर येतात. वारा दुपारी चढतो, म्हणून आमचा तांडेल पहाटेच निघाला. तो केव्हा निघणार ते आदल्या रात्री विचारा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याआधी घ्यायला लावा. बाकी वेळ बोट खाडीत नांगर टाकून असते.

जेवणाचं म्हणाल तर मसुराचं सूप, भरलेली वांगी, ऑलिव्ह, पांढरं चीज, कलिंगड. मासे वेगळ्या ताटात येतात, पण बुकिंग करतानाच सांगून ठेवा. बोटीवर चढताना चपला टोपलीत टाकून अनवाणी वावरायचं असतं, हे सासूबाईंना पसंत पडेल. केबिनकडे उतरणारा जिना मात्र अरुंद आहे. मी तिन्ही रात्री डेकवरच गादी टाकली. पहाटे दव पडतं, शाल हवीच.

आणि पत्त्यांचा कॅट न्या. दुपारी सगळे पाण्यात उड्या मारत होते, तेव्हा मी बोटीवरच्या स्वयंपाक्याला झब्बू शिकवला. तिसऱ्या दिवशी तोच मला झब्बू द्यायला लागला.