वाचकांचे प्रश्न : न दाबताच दाबले जाणारे बटण

प्रश्न : आमच्या टीव्हीच्या कडेला असलेले आवाजाचे बटण दाबले की चॅनेल बदलते, आणि पावसाळ्यात तर कोणी हात न लावताही आवाज आपोआप वाढत जातो. रिमोट मात्र व्यवस्थित चालतो. दुरुस्ती करणाऱ्याने मुख्य बोर्ड बदलण्यास सांगितले आहे. एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बोर्ड बदलण्याचा निर्णय तूर्त थांबवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिमोटने सर्व कामे बिनचूक होत असतील, तर मुख्य बोर्डाकडे बोट दाखवण्याआधी कडेची बटणे तपासायला हवीत. प्लग काढून बटणांच्या छोट्या पट्टीकडे जाणारी वायर जाणकाराकडून मुख्य बोर्डापासून सोडवून घ्यावी आणि मग टीव्ही सुरू करून पाहावा. आवाज आपोआप वाढणे थांबले, तर दोष त्या पट्टीवरच आहे.

या पट्टीवर ६ मिलिमीटर लांबीरुंदीचे चौकोनी टॅक्ट स्विच असतात. आत धातूची, उपड्या वाटीसारखी पातळ चकती असते. बोटाने दाबताच ती जेमतेम पाव मिलिमीटर खाली जाते, मधल्या संपर्कबिंदूला टेकते आणि बोटाला ‘टक्’ असे जाणवते. बोट उचलले की ती पुन्हा उसळून वर येते. पुण्यातील पावसाळी दमट हवा, धूळ आणि स्वयंपाकघरातील तेलकट वाफ यांचा थर या इवल्याशा जागेत साचला, की बटण न दाबताही त्यातून थोडा विद्युतप्रवाह झिरपू लागतो. मी असा एक जुना स्विच उघडून भिंगाखाली पाहिला, तेव्हा चकती शाबूत होती; पण तिच्याखालील चांदीचा मुलामा काळवंडलेला होता आणि प्लास्टिकवर चिकट, करडी पुटे होती.

आता आवाजाऐवजी चॅनेल का बदलते, ते पाहू. अनेक टीव्हींमध्ये प्रत्येक बटणासाठी वेगळी वायर नसते. सर्व बटणे निरनिराळ्या किमतीच्या रेझिस्टरमधून (विद्युतप्रवाहाला अडथळा करणाऱ्या छोट्या भागांतून) एकाच वायरला जोडलेली असतात, आणि त्या वायरवर किती व्होल्ट आहेत यावरून कोणते बटण दाबले गेले हे चिप ओळखते. एखादा स्विच झिरपू लागला की हे व्होल्ट सरकतात आणि चिप एका बटणाला दुसरेच समजते. म्हणूनच आपण दाबता ते बटण निर्दोष असून, वर्षानुवर्षे कोणी स्पर्शही न केलेले शेजारचे बटण खराब असू शकते. पट्टीवरील सगळे स्विच एकदमच बदलावेत, असे मी सुचवतो ते याचसाठी. काढलेला स्विच मल्टीमीटरने (व्होल्ट, ओहम मोजण्याच्या उपकरणाने) तपासल्यास न दाबलेल्या अवस्थेत कर्णावरच्या, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या, दोन पायांमध्ये जोड मुळीच दिसता कामा नये. काही किलोओहम रोध दिसला, म्हणजे प्रवाह झिरपतो आहे, तर तो बाद समजावा. ही तपासणी स्विच पट्टीवर असताना केल्यास रेझिस्टरमुळे आकडा फसवा येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्यास काही काळ गुण येतो, परंतु तो टिकेलच असे नाही.

नवे स्विच बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतील. मात्र जुना नमुना सोबत न्यावा, कारण लांबीरुंदी सारखी असली तरी दांडीसह उंची ४.३, ५, ७ किंवा ९.५ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. अर्धा मिलिमीटर जास्त उंचीचा स्विच बसवला, तर बाहेरचे प्लास्टिक तो सतत दाबून ठेवील आणि तीच तक्रार नव्याने सुरू होईल. टीव्हीच्या वीजपुरवठ्याच्या भागात प्लग काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून वायर सोडवण्यासह हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. फक्त काय तपासायचे आणि काय बदलायचे, ते आपण त्याला नेमके सांगावे.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी मी आर्डुइनोवर (प्रोग्राम लिहून चालवता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) मोजणी यंत्र बनवत आहे. बटण एकदा दाबले तरी आकडा तीन-चारने वाढतो. आधी तर न दाबताच बटण दाबलेले दिसत होते. बटण फिरवून लावल्यावर ते थांबले. असे का होते?
– एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तुझे दुसरे निरीक्षण फार चांगले आहे. चार पाय दिसले तरी हा दोनच टोकांचा स्विच आहे. पाय दोन-दोनच्या जोडीने आतून कायमचे जोडलेले असतात. तू आधी एकाच जोडीचे दोन पाय वापरले होतेस. कर्णावरचे, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, दोन पाय घेतलेस की ही चूक होणारच नाही.

आकडा उड्या मारतो, कारण धातूची चकती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि तेवढ्यात संपर्क अनेकदा जुळतो व तुटतो. आपल्याला एक ‘टक्’ जाणवते, पण आर्डुइनो इतका वेगवान असतो की त्याला प्रत्येक थरथर वेगळी दिसते. बटणाच्या स्थितीत पहिला बदल दिसल्यावर सुमारे २० मिलिसेकंद थांबून ती पुन्हा वाचावी आणि बटण अजून दाबलेलेच असेल तरच आकडा एकाने वाढवावा. त्यानंतर बटण सुटल्याची खात्री होईपर्यंत पुढची मोजणी करू नये. सुटतानाही चकती थरथरते, म्हणून तिथेही तेवढेच थांबावे.