शिलेदार, बारगीर आणि मजल : जुन्या कादंबरीतले शब्द लक्षात कसे ठेवावेत?

प्रश्न असा आहे : शंभरएक वर्षांपूर्वीची ऐतिहासिक कादंबरी वाचताना शिलेदार, बारगीर, मजल, खलिता असे शब्द पानोपानी अडतात. वहीत अर्थ उतरवून घेतले तरी चार दिवसांत विसरायला होतात. काय करावे?

शब्द एकटा लिहू नका, त्याच्या जोडीदारासकट लिहा. 'शिलेदार' आणि 'बारगीर' या दोघांपुढेही नुसते 'घोडेस्वार' लिहिले, तर दोन्ही विसरणारच. खरा फरक घोड्याच्या मालकीचा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारे स्वतःची. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. हे कळले की प्रसंगही उलगडतो. बारगिराचा घोडा लढाईत पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा पडला तर त्याच्या पोटावरच पाय. हल्ली बातम्यांत कोणत्याही निष्ठावंत कार्यकर्त्याला 'शिलेदार' म्हणतात. तो अर्थ जुनी कादंबरी वाचताना बाजूला ठेवावा.

शिवाय या शब्दाची फोड करून बघा. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला बाळगणारा या अर्थाचा फारसी 'दार' लागला. याच 'दार'ने किल्लेदार, फौजदार, ठाणेदार, हवालदार घडले. एक प्रत्यय ओळखीचा झाला की अख्खे घराणे ओळखीचे होते, आणि मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

काही शब्द तर आपल्याला येतच असतात, फक्त वाक्प्रचारात दडलेले. 'मजल दरमजल करीत', 'इथवर मजल गेली' हे आपण सहज बोलतो. मजल (अरबी 'मंझिल') म्हणजे दिवसभराच्या प्रवासाचा टप्पा. तेव्हा फौज 'तीन मजलांवर' आहे म्हणजे अजून तीन दिवसांची सवड आहे.

खलिता म्हणजे मुळात थैली. पुढे त्यात घालून धाडलेल्या सरकारी पत्रालाच खलिता म्हणू लागले.

कोश दोन हाताशी असू द्या : मोल्सवर्थचा (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, पण तो पेशवाईच्या काळाला जवळचा. दाते-कर्व्यांच्या कोशात जुन्या लेखनातली उदाहरणे सापडतात, ती जरूर वाचा. मात्र पहिल्या वाचनात दर शब्दाला थांबू नका. पेन्सिलीने खूण करा आणि पुढे चला. अर्थ लागल्यावाचून प्रसंगच कळत नसेल, तेवढ्यापुरताच कोश उघडा.